सात कोटी शिल्लक, मग तक्रार कसली?

२६ मार्च १९०२. कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर चर्चा चालू होती आणि अध्यक्षस्थानी खुद्द लॉर्ड कर्झन होते. सरकारच्या तिजोरीत त्या वर्षी सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक पडली होती. अर्थखातं सांभाळणारे सर एडवर्ड लॉ खुशीत होते आणि सभागृहही कौतुकाच्या मनःस्थितीत होतं. अशा वेळी गोपाळ कृष्ण गोखले बोलायला उभे राहिले. वय ३५, आणि या सभागृहातलं अंदाजपत्रकावरचं पहिलंच भाषण. या अभिनंदनात आपल्याला सामील होता येत नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं.

कॉर्पोरेट प्रेझेंटेशनवरच्या पुस्तकात गोखले कशाला, असं कुणी विचारील. प्रेझेंटेशनची गोष्ट निघाली की आयफोन हातात धरून उभे असलेले स्टीव्ह जॉब्ज आठवतात, आणि तो नमुना उत्तम आहेच. पण आपल्यापैकी किती जणांच्या खिशात आयफोन असतो? म्हणजे दाखवल्याबरोबर टाळ्या पडाव्यात अशी वस्तू? आपल्या हातात असतात ते आकडे: विक्रीचे, रिजेक्शनचे, थकबाकीचे. समोर बसलेली मंडळी आपल्याहून वरच्या हुद्द्याची असतात, त्यांचं मत आधीच ठरलेलं असतं आणि आपल्यानंतर अजून चार जण बोलायचे असतात. गोखल्यांची परिस्थिती याहून बिकट होती. सभागृहात बहुमत सरकारी सभासदांचं होतं. १८९२ च्या कायद्यानं अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती, पण मतदानाचा अधिकार दिला नव्हता. बोलायचं आणि खाली बसायचं, एवढंच हाती. हेड ऑफिसच्या रिव्ह्यूला ज्यांनी कधी हजेरी लावली आहे त्यांना हे सारं ओळखीचं वाटेल.

आता त्यांचा मुद्दा जरा जवळून पाहू.

हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये मोठा खर्च करावा लागे. निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शनं, कर्जावरचं व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च. हा सगळा पौंडांत. महसूल मात्र रुपयांत. चांदीचा भाव जगभर कोसळत गेला तसा चांदीचा रुपयाही घसरला. १८९४-९५ च्या सुमाराला एका रुपयाला जेमतेम १३ पेन्स मिळत. त्या काळी पौंडाचे पेन्स २४०, म्हणजे एक पौंड पाठवायला साधारण साडेअठरा रुपये लागत. हा खड्डा भरून काढायला सरकारनं कर वाढवत नेले. मिठावरचा कर १८८८ मध्ये मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. प्राप्तिकर आला, आयात जकात आली, देशी गिरण्यांच्या कापडावर अबकारी कर आला. दरम्यान १८९३ मध्ये सरकारनं टाकसाळी चांदीला बंद केल्या. रुपयाची टंचाई झाली, त्याचा भाव चढला आणि शतक संपता संपता १६ पेन्सवर स्थिरावला. आता तोच पौंड पंधरा रुपयांत पडू लागला. पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. ज्या अडचणीसाठी कर वाढवले होते ती अडचण सरली, पण वाढवलेले कर तसेच राहिले.

शिल्लक पडली ती इथून. आणि ती अशा वर्षांत पडली, जेव्हा १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ देशानं लागोपाठ सोसले होते आणि प्लेग अजून हटायचा होता. सरकारचा पेटारा भरलेला म्हणजे रयतेचं घर भरलेलं असा अर्थ कुणी लावू नये, ही शिल्लक म्हणजे गरजेपेक्षा जास्त केलेली वसुली आहे, असं गोखल्यांचं म्हणणं. त्यापुढे मागण्या रोकड्या: मिठावरचा कर कमी करा, प्राप्तिकराची सूटमर्यादा वाढवा.

पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठाचा कर मणामागे अडीचचा दोन रुपये झाला आणि प्राप्तिकराची मर्यादा ५०० रुपयांवरून १,००० वर गेली. एका भाषणानं हे घडलं असं मी म्हणणार नाही. सरकारं इतक्या सहजासहजी हलत नसतात. पण त्या भाषणानं एक गोष्ट निश्चित केली. त्यानंतर ‘सात कोटींची शिल्लक’ हे शब्द उच्चारताना कुणालाही नुसती छाती फुगवता येईना.

हे साधलं कसं? आवाजानं नक्कीच नाही. गोखले गर्जना करणारे वक्ते नव्हते. आकडेही तेच होते, जे सरकारनं स्वतः छापले होते. फरक होता तो एका वाक्याचा. सभागृहातल्या प्रत्येकाकडे सात कोटी हा आकडा होता, पण त्या आकड्याचा अर्थ काय हे सांगणारं वाक्य एकट्या गोखल्यांनी घडवून आणलं होतं. भाषणातला बाकी सगळा तपशील त्या वाक्याच्या पाठीशी उभा होता. आकडे बोलतात असं आपण म्हणतो. माझा अनुभव असा की आकडे गप्प बसतात, आणि समोरचा त्यांच्यातून स्वतःला सोयीचं ते ऐकतो.

आता चाकणच्या एखाद्या कारखान्यात जाऊ. समजा, तुम्ही क्वालिटी सांभाळता आणि मंथली रिव्ह्यू आहे. तुमच्या स्लाइडवर शीर्षक असतं ‘क्वालिटी परफॉर्मन्स – जानेवारी’. त्याखाली एक बार चार्ट, शेजारी पीपीएमचा तक्ता, खाली सहा बुलेट. पाचव्या बुलेटमध्ये बारीक अक्षरात ‘डाय नंबर चार – वेअर ऑब्झर्व्ह्ड’. प्लँट हेड मोबाइल बघताहेत. तुम्ही वरून खाली वाचत येता, पाचव्या बुलेटपर्यंत पोचता तोवर पर्चेसचे साहेब विचारतात, ‘हा डिसेंबरचा आकडा मागच्या मीटिंगला वेगळा होता ना?’ मग पुढची दहा मिनिटं डिसेंबरवर जातात. वेळ संपतो. डाय नंबर चार तसाच राहतो.

त्याच स्लाइडचं शीर्षक असं असतं तर? ‘जानेवारीत वाढलेलं रिजेक्शन मुख्यतः एका डायमुळे, नवा डाय मार्चपूर्वी हवा.’ खाली एकच आलेख, त्यात डाय चारचा बार लाल, बाकी सगळे करडे. प्लँट हेडनं मोबाइलवरून मान वर केली की दोन सेकंदांत त्यांना कळतं की आपल्याकडून काय हवंय. डिसेंबरचा प्रश्न येईल तेव्हा येईल, पण आता मीटिंगला विषय आहे. शीर्षकाच्या जागी नाम नको, वाक्य हवं. कर्ता, कर्म आणि मुख्य म्हणजे क्रियापद असलेलं. या प्रकरणातून एकच गोष्ट उचलायची तर ही उचला.

कित्येकांना असं वाक्य लिहिण्याची भीती वाटते, आणि ती भीती मी समजू शकतो. ‘क्वालिटी परफॉर्मन्स’ म्हटल्यानं कुणी दुखावत नाही. ‘एका डायमुळे’ म्हटलं की टूलरूमवाला सावध होतो, पर्चेसवाला खर्च मोजतो, आणि तुम्ही चुकलात तर चुकीला तुमचं नाव चिकटतं. बुलेटची यादी ही पुष्कळदा लपायची जागा असते. सगळं सांगितलं, पण कशाचीच जबाबदारी घेतली नाही.

हे लपणं किती महागात पडू शकतं याचं एक उदाहरण साऱ्या जगानं पाहिलं आहे. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया हे अंतराळयान उडालं. त्यात सात जण होते आणि कर्नालची कल्पना चावला त्यांच्यातली एक. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत फिरत असताना, या धडकेनं नेमकं काय बिघडलं असेल याचा अंदाज बोइंगच्या इंजिनिअरांनी नासाला सादर केला. अर्थात पॉवरपॉइंटवर. त्यातली एक स्लाइड आता प्रेझेंटेशनच्या इतिहासात अजरामर झाली आहे. तिचं शीर्षक दिलासा देणारं होतं: चाचण्यांची आकडेवारी पाहता आपला अंदाज सावधपणाच्या बाजूला झुकलेला दिसतो, अशा अर्थाचं. त्याखाली बुलेट, बुलेटखाली उपबुलेट, त्याखाली आणखी बारीक उपबुलेट. आणि सगळ्यात तळाशी, घाईत वाचणाऱ्याची नजर पोचणारच नाही अशा ठिकाणी, खरी बातमी: ज्या चाचण्यांवर हा अंदाज बेतलाय त्यातला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि यानावर आदळलेला तुकडा १,९२० घन इंचांचा असावा.

६४० पट. घन इंच म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे काहीच येत नाही, म्हणून मापं बदलून बघा. चाचणीतला तुकडा म्हणजे ५० मिलीलीटर, अर्धा कप चहा. आदळलेला तुकडा म्हणजे ३१ लीटर, ऑफिसात येतो तो पाण्याचा जार दीड वेळा भरेल एवढा. हे जर शीर्षकात असतं, की ‘आपल्या चाचण्या या धडकेला लागूच पडत नाहीत’, तर खोलीतल्या माणसांनी निदान खुर्ची पुढे ओढली असती.

१ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान वातावरणात शिरलं आणि फुटलं. सातही जण गेले. आकडेवारीच्या मांडणीचे जाणकार एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडची चिरफाड केली आणि चौकशी मंडळानं आपल्या अहवालात ती समाविष्ट केली. गंभीर तांत्रिक विषय अहवालाऐवजी स्लाइडवर उरकण्याच्या सवयीवर मंडळानं स्पष्ट ताशेरे ओढले. एका स्लाइडनं यान पाडलं असं मात्र कुणी म्हणू नये, आणि प्रेझेंटेशन शिकवणारे ते सर्रास म्हणतात. यान पडलं ते फोमनं पंखाला पाडलेल्या भोकामुळे. शिवाय वाईट बातमी वर पोचू न देणारी संस्थेची घडण हेही कारण असल्याचं मंडळानं नोंदवलं आहे. स्लाइड हा त्या घडणीचा छापील पुरावा होता.

मग पॉवरपॉइंट फेकून द्यायचं का? अमेझॉननं जवळपास तेच केलं. २००४ मध्ये जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकीतून स्लाइडना रजा दिली. त्याऐवजी सलग गद्यात लिहिलेलं टिपण आणायचं, सहा पानांपर्यंत, आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून ते वाचायचं. सलग गद्यात ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीही’ लिहावे लागतात; बुलेटमध्ये ते गाळता येतात, आणि विचारातली भोकं नेमकी त्या शब्दांच्या जागी असतात. पद्धत मला मनापासून आवडते, पण तुमच्या एमडींना सहा पानं वाचायला लावणं तुमच्या हातात नाही. घरी बसून लिहिणं मात्र आहे. स्लाइड उघडण्यापूर्वी एक पान सलग लिहा. ते कुणाला दाखवायचं नाही. लिहिताना जिथे पेन अडेल तिथे तुमचा मुद्दा कच्चा आहे.

आणि हे पान मराठीत लिहा. लातूर, सांगली, जळगावहून पुण्या-मुंबईत आलेली, कामात वाघ असलेली मुलं-मुली मीटिंगमध्ये दबून जातात, ती इंग्रजीच्या धास्तीनं. पुष्कळदा अडचण इंग्रजीची नसतेच. काय म्हणायचंय ते कुठल्याच भाषेत ठरलेलं नसतं, आणि इंग्रजीच्या आडोशाला ते लपून जातं. आपला मुद्दा घरी आईला किंवा खोलीतल्या मित्राला दोन वाक्यांत सांगता आला, की मग इंग्रजी साधं, तुटक असलं तरी भागतं. कलकत्त्याच्या सभागृहातलं ते भाषण अर्थातच इंग्रजीत होतं, आणि इंग्रजी ही कागलच्या शाळेत शिकायला सुरुवात केलेल्या गोखल्यांचीही घरची भाषा नव्हती. घोकून, पाठ करून, मेहनतीनं कमावलेली होती. उच्चारांचं म्हणाल, तर समोरच्याला शब्द कळले की पुरे. लंडनचा सूर लावायला जाऊ नये. तिसऱ्या वाक्याला तो सुटतो.

आपल्याकडच्या सभांची एक खोड ऑफिसातही शिरली आहे. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घ्यायची, संधी दिल्याबद्दल आभार मानायचे, ‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही’ म्हणत वेळ घ्यायचा. गावच्या कार्यक्रमात त्याला अर्थ असतो; नाव घेतलं नाही तर माणसं वर्षभर बोलत नाहीत. पण रिव्ह्यूमध्ये पहिलं मिनिटभर सगळे कान तुमच्याकडे असतात आणि पुन्हा तसे नसतात. ते मिनिट ‘स्क्रीन दिसतेय ना सगळ्यांना?’ यात घालवू नका. ऑनलाइन असाल तर पाच मिनिटं आधी येऊन ते बघून ठेवा.

घाबरण्याबद्दल पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. मी थोडक्यात उरकतो. हात थरथरतात, घसा कोरडा पडतो, हे सगळ्यांचं होतं. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि एकही प्रश्न न सुचून खाली बसले, हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. उपाय जुनाच आहे: मोठ्यानं तालीम. मनातल्या मनात वाचणं ही तालीम नव्हे. उभं राहून, घड्याळ लावून, पूर्ण आवाजात. पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन पाठ असू द्या, मधलं पाठ करू नका. पाठ केलेल्या मधल्या भागात कुणी प्रश्न विचारला की गाडी रुळावरून उतरते.

प्रश्न हा खरा परीक्षेचा भाग, आणि त्यासाठी पुन्हा गोखल्यांकडे जावं लागेल, पाच वर्षं मागे. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले. वय तीस. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी हेही साक्षीदार होते. साक्ष म्हणजे भाषण नव्हे. लेखी निवेदन दिल्यावर एकेका आकड्यावर खोदून खोदून उलटतपासणी. गोखले त्यात उभे राहिले, कारण तयारी एकट्याची नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी वर्षानुवर्षं लिखाण केलं होतं, आणि सरकारी अहवालांतले आकडे कोळून प्यायलेले गणेश व्यंकटेश जोशी हे शाळामास्तर त्यांच्या पाठीशी होते. कुठला आकडा कुठल्या पानावर आहे आणि तो खोडायला समोरचा काय म्हणेल, हे आधीच घोळवून झालेलं होतं.

त्याच वर्षी, त्याच देशात, त्याच माणसाची दुसरी गोष्टही घडली. प्लेगच्या मोहिमेत सैनिकांनी पुण्यात स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रं त्यांना पुण्याहून आली होती. त्या आधारावर त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मधून आरोप केला. पुरावा मागितला गेला. मुंबईत परतल्यावर त्यांनी पत्रलेखकांकडे शब्द टाकला, पण नाव उघड करून पुढे यायला कुणी तयार होईना. गोखल्यांना जाहीर बिनशर्त माफी मागावी लागली आणि त्यावरून स्वकीयांनीही त्यांना झोडपलं. ती माफी कितपत योग्य होती यावर आजही वाद घालता येईल. आपल्या कामापुरतं पाहायचं ते असं: कमिशनपुढच्या प्रत्येक आकड्यामागे एक छापील पान होतं, आणि या आरोपामागे दाखवता येईल असं काहीच नव्हतं. १९०२ च्या भाषणात सगळे आकडे सरकारच्याच कागदांतले का होते, याचं उत्तर मला या माफीत दिसतं.

म्हणून प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी ज्याला तुमचं काम पटत नाही असा एक सहकारी गाठा. कँटीनमध्ये बसवा, चहा पाजा आणि म्हणा, ‘हाण.’ तो जे सात-आठ प्रश्न विचारील त्यातले चार दुसऱ्या दिवशी हमखास येतात. ज्याचं उत्तर छापील कागदावर दाखवता येणार नाही असं विधान त्या रात्री स्लाइडवरून काढून टाका, मग ते कितीही खरं वाटो. बाकीच्या उत्तरांच्या स्लाइड करून शेवटच्या स्लाइडच्या मागे ठेवा, दाखवू नका. प्रश्न आला तरच काढायच्या. उत्तर माहीत नसेल तर ‘उद्या चारपर्यंत मेल करतो’ म्हणा आणि साडेतीनला मेल करा.

राहिली ती शेवटची स्लाइड. मोठ्या अक्षरात ‘थँक यू’, पाठीमागे सूर्यास्त किंवा हस्तांदोलन. प्रश्नोत्तरं चालतात तो सगळा वेळ ती पडद्यावर असते, म्हणजे पूर्ण मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ दिसणारी स्लाइड हीच, आणि तिच्यावर काहीही लिहिलेलं नसतं. तिथे तुमची मागणी ठेवा: काय मंजूर करायचंय, किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत, कुणी. आभार तोंडानं मानता येतात.